साखरेच्या रिॲक्शनला मायक्रोवेव्ह लावायचा की अल्ट्रासाउंड? पायरी पायरीने सगळं

साखरेच्या केमिस्ट्रीत दोन गोष्टी कायम छळतात. एक म्हणजे मोकळी साखर पाणी आणि डीएमएफ, डीएमएसओ, पिरिडीन ही सॉल्व्हंट (विरघळवणारे द्रव) सोडली तर फारशी कशात विरघळत नाही, फ्लास्कच्या तळाशी बसून राहते. आणि दुसरी, रिॲक्शन पुढे सरकावी म्हणून तापवत ठेवलं की आधी पिवळं, मग चॉकलेटी, मग डांबर. म्हणून मग लोक मायक्रोवेव्ह किंवा अल्ट्रासाउंडकडे वळतात आणि दोघांनाही "स्पीड वाढवणारं मशीन" म्हणून एकाच खान्यात टाकतात, जे माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. मायक्रोवेव्ह टेम्परेचर देतो. अल्ट्रासाउंड मिसळून देतो, घन कणांचे पृष्ठभाग सोलून साफ करतो, लांब साखळ्या तोडतो. दोघांची कामं वेगळी, त्यामुळे मशीन चालू करण्याआधी आपली रिॲक्शन नेमकी कशावर अडलीय ते शोधायचं.

ते शोधायला महागडं काही लागत नाही. तीच रिॲक्शन छोट्या स्केलवर दोनदा लावा, एकदा हळू स्टरिंग, एकदा जोरात, बाकी सगळं सेम. जोरात ढवळल्याने फरक पडला तर अडचण मिसळण्याची आहे, अल्ट्रासाउंड कामाचा. फरक काहीच नाही आणि सोल्युशन स्वच्छ पारदर्शक असूनही रात्रभर घेतंय, तर अडचण उष्णतेची आहे, मायक्रोवेव्ह बघा. आणि रिॲक्शन समतोलावर जाऊन थांबत असेल, म्हणजे बाय-प्रॉडक्ट बाहेर काढल्याशिवाय पुढे जातच नसेल, तर दोन्ही मशीनं तुम्हाला त्याच अर्धवट जागी फक्त लवकर पोचवतील.

मायक्रोवेव्ह: आधी थोडं डोक्यात बसवा

मशीन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतं. त्या फ्रिक्वेन्सीच्या फोटॉनची ऊर्जा मोलला जेमतेम १ ज्यूल, आणि साधा कार्बन-ऑक्सिजन बाँड तोडायला साधारण ३५० किलोज्यूल लागतात, त्यामुळे मायक्रोवेव्हने बाँड सुटे होतात वगैरे ऐकलं तर सोडून द्या. ध्रुवीय रेणू फिरायला बघतात, आयन इकडून तिकडे धावतात, घर्षणाने आतूनच गरम होतं, एवढंच. १९८६ साली मायक्रोवेव्हमधल्या ऑर्गॅनिक रिॲक्शनचे पहिले पेपर आले तेव्हापासून बरीच वर्षं "काहीतरी खास इफेक्ट" असल्याचा वाद चालला, मग ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या केमिस्ट कापे यांच्या ग्रुपने सिलिकॉन कार्बाइडच्या व्हायलमध्ये (झाकणाच्या छोट्या बाटलीत) त्याच रिॲक्शन करून बघितल्या. हे मटेरियल स्वतः मायक्रोवेव्ह शोषून घेतं, आतल्या द्रवापर्यंत जवळपास काही पोचू देत नाही, तरी रिझल्ट बहुतेक सगळीकडे काचेसारखेच आले. थोडक्यात टेम्परेचर सेम तर रिझल्ट सेम.

म्हणजे फायदा कुठून येतो? बंद व्हायलमुळे. मेथॅनॉल ६५ अंशाला उकळतं, बंद व्हायलमध्ये ते १२० ला नेता येतं आणि प्रेशर साधारण ६ बारच होतं, जे मशीन आरामात सांभाळतं. आता १० अंशाला वेग दुप्पट हा ढोबळ हिशोब लावा: ५५ अंश वर गेलो म्हणजे वेग अंदाजे ४५ पट, १६ तासांची रिॲक्शन २१-२२ मिनिटांवर. कुठलीही नवीन रिॲक्शन लावायच्या आधी हा हिशोब कागदावर करून बघा, त्याने पहिल्या ट्रायलची वेळ ठरते. पण साखर जळण्याची रिॲक्शनही तापमानाबरोबर वाढते, आणि बऱ्याचदा जास्त वेगाने वाढते, म्हणून "अजून २० अंश वाढवू" हा मोह साखरेत महागात जातो.

सॉल्व्हंट निवडताना टॅन डेल्टा बघायचा, म्हणजे शोषलेली ऊर्जा किती उष्णतेत बदलते त्याचं माप. इथिलीन ग्लायकोल १.३५, इथेनॉल ०.९४, डीएमएसओ ०.८२, मेथॅनॉल ०.६६, डीएमएफ ०.१६, पाणी ०.१२, ॲसिटोनायट्राइल ०.०६, डायक्लोरोमिथेन आणि टोल्युइन ०.०४ च्या आसपास. पाणी एवढं खाली बघून लोकांना आश्चर्य वाटतं, आणि ते जसं तापतं तसं अजून कमी शोषतं. उलट मीठ किंवा आयन असलेलं मिश्रण तापल्यावर जास्त शोषतं, म्हणजे टेम्परेचर सटकायची शक्यता तिथे जास्त. टोल्युइनमध्येच काम करायचं असेल तर सिलिकॉन कार्बाइडचा छोटा तुकडा आत टाकतात, तो तापतो आणि सॉल्व्हंटला तापवतो.

घरगुती ओव्हन वापरू नका. टेम्परेचर कळत नाही, प्रेशर कळत नाही, आत स्थिर लहरींमुळे काही जागा भयंकर गरम तर काही थंड, आणि ज्वलनशील वाफेला स्पार्क मिळाला तर विषय संपला. जुन्या पेपरात "३०० वॅटवर ५ मिनिटं" असं दिसलं तर त्यातून काही कळत नाही, कारण मशीन किती वॅट फेकतंय हे महत्त्वाचं नाही, मिश्रण किती अंशाला गेलं ते महत्त्वाचं.

पहिली रिॲक्शन: ग्लुकोजचा मिथाइल ग्लायकोसाइड

ग्लायकोसाइड म्हणजे साखरेच्या पहिल्या कार्बनला अल्कोहोल जोडलेलं संयुग. शिकायला ही सगळ्यात चांगली, एमिल फिशरने १८९३ मध्ये दिलेली. साखर, अल्कोहोल, ॲसिड, बस.

ग्लुकोज निर्जल घ्या. मोनोहायड्रेट वापरलंत तर वजनाच्या ९ टक्के पाणीच आत घालताय आणि इथे पाणी रिॲक्शनला मागे ढकलतं. मेथॅनॉलही कोरडं, मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या मण्यांवर) ठेवलेलं. ॲसिड म्हणून ॲम्बरलाइट आयआर-१२० सारखं सल्फोनिक रेझिन, हायड्रोजन रूपातलं, मेथॅनॉलने रंग जाईपर्यंत धुऊन वाळवलेलं. रेझिनची झेप साधारण १२० अंशापर्यंतच आहे, त्याच्या वर ते स्वतःच ॲसिड सोडायला लागतं, म्हणून १२० ही हद्द समजा.

१० मिलीच्या व्हायलमध्ये ३०० मिलिग्रॅम ग्लुकोज आणि ४ मिली मेथॅनॉल. व्हायल कधीच काठोकाठ भरू नका, वर वाफेला जागा हवी, मशीनच्या मॅन्युअलमध्ये किमान आणि कमाल दोन्ही खुणा असतात. किमान खुणेच्या खाली गेलात तर इन्फ्रारेड सेन्सर रिकाम्या काचेकडे बघत बसतो आणि आकडा खोटा येतो.

आता रेझिन टाकायच्या आधी व्हायल २-३ मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धरा. ग्लुकोज मेथॅनॉलमध्ये थंड असताना नीट विरघळत नाही, गठ्ठे काचेला चिकटले तर तिथेच करपतात, बाथमध्ये ते सुटून बारीक होतात. रेझिन त्यानंतर टाका, १५० मिलिग्रॅम पुरतं, कारण रेझिनचे मणी अल्ट्रासाउंडमध्ये फुटतात आणि मग तो भुगा फिल्टरमधून खाली येतो. स्टरिंग पण मध्यम ठेवा, मॅग्नेट मण्यांना दळतो.

व्हायल बंद करा, ३० सेकंद नुसतं ढवळा, मग १२० अंश, १० मिनिटं, प्रेशर लिमिट मशीनच्या परवानगीत पण अपेक्षेच्या थोडंच वर. ग्राफ बघत बसा, पहिल्या रनला हलायचं नाही. मेथॅनॉल चांगलं शोषतं त्यामुळे मिनिटभरात वर जातं. प्रेशर ६-७ च्या खूप पुढे जात असेल तर आत गॅस तयार होतोय किंवा टेम्परेचर दाखवतंय त्यापेक्षा जास्त आहे, थांबवा. झाल्यावर मशीनला ५० अंशाच्या खाली थंड करू दे, मगच झाकण.

टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, रिॲक्शन कुठवर आली ते बघायला) एथिल ॲसिटेट-मेथॅनॉल-पाणी ७:२:१ मध्ये, १० टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या मेथॅनॉल सोल्युशनमध्ये बुडवून तापवायची. ग्लुकोज खाली, पिरानोसाइड (सहा अणूंचं वलय) त्याच्या वर, आणि अजून वर जे डाग दिसतात ते बहुतेक फ्युरानोसाइड (पाच अणूंचं वलय). फ्युरानोसाइड आधी बनतात आणि नंतर पिरानोसाइडकडे जातात, म्हणून वरचे डाग दिसतायत तर घाबरायचं कारण नाही, अजून ५-१० मिनिटं द्या. रंग पिवळा यायला लागला तर मात्र टेम्परेचर १०० ला आणा आणि वेळ वाढवा. करपलंय की नाही हे नुसत्या डोळ्याने सांगता येत नाही, एक थेंब पातळ करून यूव्हीमध्ये २८४ नॅनोमीटरला बघा, हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युराल तिथे शोषतं आणि साखर शोषत नाही. फ्रुक्टोजमध्ये हे फार लवकर होतं, पेंटोजमध्ये साधं फरफ्युराल येतं.

रेझिन गाळा, मेथॅनॉल उडवा, इथेनॉलमधून क्रिस्टल काढा. अल्फा ग्लुकोसाइड (अल्फा, बीटा ही पहिल्या कार्बनवरच्या गटाच्या दिशेनुसार दोन रूपं) १६८ अंशाच्या आसपास वितळतो, पाण्यात रोटेशन (ध्रुवित प्रकाश फिरवण्याचं माप) साधारण +१५८. बीटा आणि अल्फा दोन्ही मिश्रणात असतात, समतोलाला अल्फा जास्त, आणि तोच आधी क्रिस्टल होतो. मॅनोजमध्ये तर जवळपास अल्फाच. एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रातल्या स्पेक्ट्रममध्ये) ग्लुकोजसाठी पहिल्या कार्बनवरच्या प्रोटॉनचं कपलिंग (सिग्नलच्या रेघांमधलं अंतर) बघा, अल्फाला ३.५ च्या जवळ, बीटाला ८ हर्ट्झच्या जवळ. मॅनोजला ही युक्ती चालत नाही, दोन्ही कपलिंग लहान, तिथे कार्बन-हायड्रोजनचं एका बाँडचं कपलिंग मोजायचं, अल्फा १७०, बीटा १६० हर्ट्झच्या आसपास.

ॲसिटिलेशन: इथे कॅटॅलिस्ट ठरवतो काय मिळणार

ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि निर्जल सोडियम ॲसिटेट घेऊन तापवलं तर बीटा पेंटाॲसिटेट, झिंक क्लोराइड किंवा दुसरं लुईस ॲसिड घातलं तर अल्फा. मशीनने हे बदलत नाही. बीटा हवा असेल तर मिश्रण पटकन गरम होणं बरं असतं, कारण गरम असताना ग्लुकोजचे दोन्ही रूप भराभर एकमेकांत बदलतात आणि बीटा रूप आधी ॲसिटिलेट होऊन अडकतं. मायक्रोवेव्हची पटकन चढण इथे खरंच उपयोगी. पण ही रिॲक्शन स्वतःच उष्णता सोडते. बंद व्हायलमध्ये पहिल्यांदा ग्रॅमभर सुद्धा नको, २०० मिलिग्रॅमने सुरू करा, पॉवर कमी ठेवून चढवा आणि पारदर्शक झालं की थांबवा. ते बर्फाच्या पाण्यात ओतून दोन-तीन तास ढवळायचंच, नाहीतर उरलेलं ॲनहायड्राइड क्रिस्टल होऊ देत नाही. बीटा १३२ अंशाला वितळतो, अल्फा ११२-११३ ला, एनएमआरमध्ये पहिल्या कार्बनवरचा प्रोटॉन बीटाचा ५.७ आणि अल्फाचा ६.३ पीपीएमला दिसतो, चूक व्हायला वावच नाही.

बेंझिलिडीनचं (साखरेचे दोन हायड्रॉक्सिल एकत्र झाकणाऱ्या गटाचं) मात्र वेगळं आहे. ४,६-ओ-बेंझिलिडीन करताना बेंझाल्डिहाइड डायमिथाइल ॲसिटलमधून मेथॅनॉल सुटतं आणि ते बाहेर काढावं लागतं, बंद व्हायलमध्ये ते तिथेच राहतं आणि रिॲक्शन अर्ध्यावर लटकते. ओपन व्हेसल मोडमध्ये नायट्रोजन सोडत करा, नाहीतर सरळ रोटाव्हॅपवर ६० अंशाला व्हॅक्यूममध्ये फिरवा. मायक्रोवेव्ह आहे म्हणून प्रत्येक गोष्ट त्यातच घालायची सक्ती कुणी केलेली नाही.

अल्ट्रासाउंड: बाथ आधी तपासा

द्रवात आवाजाची लहर गेली की बारीक बुडबुडे बनतात, फुगतात आणि कोसळतात, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळताना त्या एवढ्याशा जागी क्षणभर ५००० केल्व्हिनच्या आसपास टेम्परेचर आणि काहीशे ते हजार बार प्रेशर, बाकी द्रव थंडच. घन कणाच्या शेजारी बुडबुडा फुटला तर द्रवाची धार त्या कणावर आदळते, ऑक्साइडचा थर निघतो, कण बारीक होतात. साखरेसाठी हे सोनं आहे.

बाथ साधारण ३५-४० किलोहर्ट्झचा, प्रोब (थेट द्रवात बुडवायची धातूची कांडी) २० चा. बाथमध्ये प्रत्येक जागी जोर सारखा नसतो. त्यासाठी ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी उभी धरून मिनिटभर चालवा, जिथे छिद्रं पडली तिथे जोर जास्त, तिथेच फ्लास्क ठेवायचा आणि क्लॅम्पची उंची, पाण्याची पातळी मार्करने लिहून ठेवायची. पातळी एखाद सेंटिमीटर बदलली तरी रिझल्ट बदलतो, "काल झालं आज होत नाही" ह्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. बाथमध्ये थेंबभर साबण, आधी ५-१० मिनिटं फ्लास्क न ठेवता नुसत्या पाण्यावर चालवून पाण्यातली हवा काढायची. सपाट तळाचा फ्लास्क गोल तळापेक्षा जास्त ऊर्जा आत घेतो.

टेम्परेचरचा नियम मायक्रोवेव्हच्या उलटा, हे लोकांना पटायला वेळ लागतो. द्रव गरम झाला की बुडबुड्यात वाफ भरते, ती उशीसारखी काम करते आणि फुटण्याचा जोर जातो. म्हणून डायक्लोरोमिथेन, ईथरसारखी उडणारी सॉल्व्हंट कमकुवत, आणि तासभर चाललेला बाथ आपोआप तापून ५० च्या वर गेला की परिणाम ढेपाळतो. बर्फ टाका किंवा गार पाणी फिरवा.

किती पॉवर खरंच आत जातेय ते मोजायचं असेल तर १०० मिली पाणी घ्या, प्रोब चालवा, मिनिटाला किती अंश चढलं बघा. ३ अंश चढलं तर १०० गुणिले ४.१८ गुणिले ३ भागिले ६० सेकंद, म्हणजे जवळपास २१ वॅट, मिलीला ०.२१. डायलवरचा ७० टक्के हा आकडा दुसऱ्या मशीनवर निरर्थक असतो, हा आकडा चालतो.

प्रोबचं टोक द्रवात १-२ सेंटिमीटर, काचेला लागता कामा नये, हवेत कधी चालवायचं नाही, पल्स मोड, बाहेर बर्फ, कानाला मफ. टोक टायटॅनियमचं असतं आणि ते झिजतं, करडी भुकटी खाली दिसते, ती सेंट्रिफ्यूज करून काढावी लागते. ज्वलनशील सॉल्व्हंट उघड्या भांड्यात प्रोबखाली नको.

अल्ट्रासाउंड जिथे खरंच शोभतो

धातूच्या रिॲक्शन. ॲसिटोब्रोमोग्लुकोजपासून (ॲसिटिलेट केलेल्या ग्लुकोजच्या ब्रोमाइडपासून) झिंक वापरून ग्लुकल (वलयात दुहेरी बाँड असलेली साखर) करताना झिंकची रिॲक्शन कधी सुरू होते कधी नाही, नुसतं वाट बघत बसायचं आणि मग अचानक सगळं एकदम. बाथमध्ये पृष्ठभाग सतत ताजा राहतो म्हणून सुरुवात लवकर आणि सारखी होते. तरी मिश्रण थंड ठेवा आणि ब्रोमाइड थोडं थोडं करून घाला. १९९१ मध्ये श्मिड आणि व्हाइटसाइड्स यांनी मोकळ्या साखरेवर, कुठलंही प्रोटेक्शन (हायड्रॉक्सिलना तात्पुरतं झाकणारा गट) न लावता, टिन आणि ॲलाइल ब्रोमाइड जलीय इथेनॉलमध्ये अल्ट्रासाउंडखाली चालवून लांब साखळीच्या साखरा बनवल्या. प्रोटेक्शनचे चार स्टेप वाचतात, ह्यापेक्षा मोठी बचत कुठल्या मशीनने होणार. कोनिग्ज-क्नॉरमध्येही (ब्रोमाइडपासून सिल्व्हर मीठ वापरून ग्लायकोसाइड करण्याच्या रिॲक्शनमध्ये) तेच, सिल्व्हर कार्बोनेट न विरघळणारं असल्याने मिसळण्यावर सगळं अवलंबून. तो फ्लास्क मात्र उजेडापासून झाका.

पॉलिसॅकराइड तोडायचे असतील तर प्रोब. कायटोसान १ टक्का, १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये पूर्ण विरघळवून गाळा, बर्फात ठेवा, पल्सवर चालवा, दर १० मिनिटांनी थोडं काढून केशनलिकेत घट्टपणा मोजा. आकडा सुरुवातीला धाडकन खाली येतो, मग सपाट होतो. कारण ओढ साखळीच्या मध्यावर सगळ्यात जास्त असते, तिथेच तुटतं, आणि साखळी एका मर्यादेपेक्षा लहान झाली की तिला ओढच बसत नाही. ॲसिडने तोडलं तर कुठेही तुटतं आणि मोनोमरपर्यंत जातं. म्हणजे मध्यम लांबीचे, सारख्या मापाचे तुकडे हवेत तर अल्ट्रासाउंड, छोटी साखर हवी तर हा मार्ग चुकीचा. ३०० किलोहर्ट्झच्या पुढे गेलात तर पाण्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल जास्त सुटतात आणि साखरेचं ऑक्सिडेशन सुरू होतं, म्हणून २० वरच राहा.

सेल्युलोज नॅनोक्रिस्टलमध्येही क्रम लक्षात ठेवा: ६४ टक्के सल्फ्युरिक, ४५ अंश, मग पातळ करणं, धुणं, डायलिसिस, आणि अल्ट्रासाउंड अगदी शेवटी फक्त गठ्ठे सोडवायला.

धोक्याच्या जागा

ॲझाइड, म्हणजे तीन नायट्रोजनची साखळी असलेला गट. ग्लायकोसिल ॲझाइड बनवून क्लिक रिॲक्शन (ॲझाइड आणि अल्काइन जोडणं) करणं आता सगळीकडे चालतं, कॉपर सल्फेट आणि ॲस्कॉर्बेट घालून ७०-८० अंशाला १०-१५ मिनिटांत होऊन जातं. पण सोडियम ॲझाइड आणि डायक्लोरोमिथेन एकत्र कधीही नाही, स्फोटक बनतं, वर्कअपमध्ये सुद्धा नाही. ॲसिड लागलं तर विषारी हायड्रॅझोइक ॲसिड. धातूचा चमचा नको. कार्बन आणि ऑक्सिजनची बेरीज नायट्रोजनच्या तिप्पट तरी हवी हा नियम लावा, पेरॲसिटिलेटेड ग्लुकोसिल ॲझाइडला १४ अधिक ९ भागिले ३, सातच्या वर, म्हणजे ठीक. छोट्या साखळीच्या ॲझाइडला मात्र मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

कोचेटकोव्ह ॲमिनेशन, म्हणजे अमोनियम कार्बोनेट लावून ग्लायकोसिलअमाइन, साध्या पद्धतीने काही दिवस घेतं. मायक्रोवेव्हमध्ये डीएमएसओत ४० अंशाला दीडेक तासात होतं. इथे टेम्परेचर वाढवायचा मोह आवरा, हे मीठ तापलं की अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही सोडतं आणि बंद व्हायलमध्ये प्रेशर टेम्परेचरच्या हिशोबाबाहेर जातं.

सेल्युलोज किंवा स्टार्च आणि नायट्रिक ॲसिड ही जोडी कुठल्याच मशीनमध्ये नको, नायट्रोसेल्युलोज बनतं. सिलिका किंवा क्लेवर सॉल्व्हंटशिवाय करायच्या रिॲक्शन दिसायला सोप्या, पण पावडर ढवळली जात नाही, आत एका ठिकाणी १०० तर दुसरीकडे २०० असू शकतं, आणि सेन्सर बाहेरची काच मोजतो. फायबर ऑप्टिक आत घालून एकदा तरी ताडून बघा.

मोठं करताना

२.४५ गिगाहर्ट्झ पाण्यासारख्या द्रवात काही सेंटिमीटरच आत जातं, त्यामुळे मोठ्या भांड्यात मधला भाग साध्याच पद्धतीने तापतो आणि व्हायलमधला वेळ तिथे लागू पडत नाही. ग्रॅमपर्यंत लागत असेल तर एकाच मापाच्या व्हायल एकामागून एक चालवणं बरं, ऑटोसॅम्पलर असेल तर रात्रभरात होतं. त्यापुढे जायचं तर मिश्रण नळीतून वाहतं ठेवायचं, पण मग आत घन काही चालत नाही, रेझिन वेगळ्या कॉलममध्ये. अल्ट्रासाउंडलाही वाहतं सेलच, आणि मिलीमागे वॅट तेच ठेवून वेळ ठरवायची. वहीत लिहिताना सॉल्व्हंटचं आकारमान, व्हायलचं माप, कुठला सेन्सर, खरं टेम्परेचर, चढायला लागलेला वेळ वेगळा आणि थांबलेला वेळ वेगळा, प्रेशर, आणि बाथ असेल तर पाण्याचं सुरुवातीचं व शेवटचं टेम्परेचर, एवढं असलं की दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या माणसाला तीच रिॲक्शन लावता येते.